प्रसूतिकालीन अवसादाचे निदान : एक ऐतिहासिक आलोचन

१

गरोदर अथवा नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीच्या मनोविकारांची नोंद वैद्यकात प्राचीन आहे. त्यांचे व्यवस्थित निदान मात्र अगदी अर्वाचीन आहे. या दोहोंत जे अंतर पडले त्याचे कारण केवळ वैद्यकाच्या अपुऱ्या ज्ञानात सापडत नाही. वैद्य स्त्रीला कोठे पाहत होता, किती काळपर्यंत पाहत होता आणि तिला काय विचारत होता, या तीन गोष्टींवर निदानाचे स्वरूप सतत अवलंबून राहिलेले दिसते. प्रस्तुत निबंधात या तीन अंगांनी निदानाच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात क्यूझिकस येथील एका स्त्रीची हकीगत आहे. तिला कष्टाने जुळ्या मुली झाल्या. पहिल्याच दिवसापासून ताप भरला, झोप नाहीशी झाली, पुढे भ्रम झाला आणि सतराव्या दिवशी ती दगावली. स्तनांत रक्त साचणे हे वेडाचे चिन्ह होय, असे सूत्रही याच ग्रंथसमूहात आहे. दूध किंवा सूतिकास्राव वाट चुकून मस्तकात शिरतो, ही कल्पना पुढे युरोपात अनेक शतके टिकली. तापातील भ्रम, उन्माद आणि खिन्नता यांच्यात भेद करण्याचे साधन त्या काळी नव्हते. जी स्त्री ओरडत नव्हती, धावत नव्हती, नुसतीच भिंतीकडे तोंड करून पडून होती, तिची दखल या नोंदींत क्वचितच आढळते.

२

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा झाला. लंडनमधील प्रसूतिवैद्य रॉबर्ट गूच यांनी १८२० साली सूतिकोन्मादावर निबंध प्रसिद्ध केला. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील अनुभवाच्या आधारे एस्किरोल यांनी १८३८ च्या आपल्या ग्रंथात या विकाराला वेगळे स्थान दिले. एस्किरोल यांचे एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. रुग्णालयांच्या आकड्यांवरून दिसते त्यापेक्षा अशा स्त्रियांची संख्या पुष्कळ अधिक असली पाहिजे. कारण सौम्य विकाराच्या स्त्रिया घरीच राहतात, असे त्यांनी म्हटले. पुढील सव्वाशे वर्षांच्या संशोधनातील मुख्य उणीव या एका विधानात आधीच सांगितली गेली होती.

लुई-व्हिक्तोर मार्से यांचा १८५८ चा ग्रंथ हा या विषयावरील पहिला सर्वांगीण ग्रंथ मानला जातो. त्यांनी ३१० रुग्णांचा विचार केला व त्यांचे तीन वर्ग पाडले : गरोदरपणी विकार जडलेल्या २७, प्रसूतीनंतर लवकरच आजारी पडलेल्या १८० आणि अंगावर पाजण्याच्या काळातील १०३. गरोदरपणातील विकारही त्याच मालिकेतील आहे, ही गोष्ट या विभागणीने प्रथमच ठसठशीतपणे पुढे आली. १८६५ साली बॅटी ट्यूक यांनी एडिंबरोच्या मनोरुग्णालयातील १५५ स्त्रियांची अशीच त्रिविध वाटणी केली. तथापि मार्से काय किंवा ट्यूक काय, दोघांचेही सामान्यतः मनोरुग्णालयाच्या दारात पोचलेल्या स्त्रियांवरच लक्ष होते. त्या दाराच्या अलीकडचे दुःख त्यांच्या कोष्टकांत येणे शक्य नव्हते.

३

इतके कार्य झाल्यावर निदानाची वाट सरळ पुढे जावी, हे अपेक्षित होते. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या आरंभी ती खंडित झाली. क्रेपेलिन यांनी मनोविकारांचे वर्गीकरण त्यांच्या क्रमावरून व परिणामावरून केले. तेव्हा विकार केव्हा उद्‌भवला या प्रश्नाला गौणत्व आले. अमेरिकेत स्ट्रेकर व इबॉ यांनी १९२६ साली ५० रुग्णांचा अभ्यास करून, सूतिकोन्माद हे स्वतंत्र निदान सोडून द्यावे, असे मत मांडले. प्रसूती ही केवळ निमित्तमात्र. तिच्यामुळे प्रकट होणारे विकार इतर वेळी दिसतात तेच होत, असा त्यांचा युक्तिवाद होता. जंतुनाशक उपचार व पुढे सल्फा औषधे आल्याने सूतिकाज्वरातील भ्रमाचे प्रमाण घटले, ही घटनाही या मताला पोषक ठरली.

या युक्तिवादात तथ्य होते. परंतु नाव गेल्याबरोबर प्रश्न विचारण्याची सवयही गेली. अमेरिकन मनोविकार संघाच्या १९६८ च्या वर्गीकरणात प्रसूतीशी निगडित चित्तविकृतीस एक कोपरा होता. १९८० च्या आवृत्तीत तोही राहिला नाही. आश्चर्य असे की, जे वैद्यकाने टाकले ते इंग्लंडच्या कायद्याने जपले. १९२२ च्या शिशुहत्या कायद्याने नवजात अर्भकाचा वध करणाऱ्या आईच्या मनाचा तोल प्रसूतीच्या परिणामामुळे ढळलेला असू शकतो, हे मान्य केले. १९३८ च्या कायद्याने ही मुदत अर्भकाच्या बारा महिन्यांपर्यंत वाढविली व स्तन्यपानाच्या परिणामाचाही उल्लेख केला. अशा रीतीने आरोपीच्या पिंजऱ्यातील आईला जी ओळख मिळाली, ती बाळंतखोलीतील आईला मिळाली नाही.

४

नवा आरंभ झाला तो वैद्याच्या जागाबदलाने. ब्राइस पिट यांनी लंडनमधील ३०५ स्त्रियांना गरोदरपणी व प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी प्रश्नावली दिली. या स्त्रिया मनोरुग्ण म्हणून आलेल्या नव्हत्या. त्या सामान्य प्रसूतिविभागातील होत्या. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांपैकी सुमारे ११ टक्के स्त्रियांना अवसाद होता. चिडचिड, थकवा, बाळाविषयी अतिरिक्त चिंता अशा लक्षणांमुळे पिट यांनी त्यास ‘अनियमित’ अवसाद म्हटले. एस्किरोल यांनी अनुमानाने सांगितलेली संख्या अशा प्रकारे प्रथमच मोजमापाच्या कक्षेत आली.

मोजमापाचे साधन मात्र अजून सदोष होते. झोप लागते काय, भूक आहे काय, थकवा येतो काय, हे अवसादाच्या निदानातील नेहमीचे प्रश्न. रात्री दोनदा बाळाला घेऊन उठणारी कोणती आई याचे वेगळे उत्तर देईल ? ही अडचण ओळखून कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की यांनी १९८७ मध्ये एडिंबरो मापिका प्रसिद्ध केली. तीत शारीरिक लक्षणे वगळून गेल्या सात दिवसांतील मनःस्थितीविषयी दहा प्रश्न ठेवले आहेत. गुण ० ते ३०. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारासंबंधी आहे. मापिका ही चाळणी होय, निदान नव्हे, हे कर्त्यांनी स्वतःच बजावले होते.

५

काळाच्या मर्यादेचा प्रश्न यानंतरही सुटला नाही. अमेरिकन वर्गीकरणाने १९९४ साली प्रसूतीनंतरचे चार आठवडे ही मर्यादा घातली. २०१३ साली तीत गरोदरपणाचा समावेश केला. त्याच वर्षी विस्नर व सहकाऱ्यांनी १०,००० प्रसूत स्त्रियांच्या चाळणीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चाळणीत सापडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्क्यांचा विकार प्रसूतीनंतर, ३३ टक्क्यांचा गरोदरपणी आणि २७ टक्क्यांचा गर्भधारणेपूर्वीच सुरू झालेला होता. मार्से यांची जुनी विभागणी अशा प्रकारे नव्या पुराव्यानिशी परत आली. मुदत आखण्याने मृत्यूही अदृश्य होतात. मातामृत्यूच्या व्याख्येत ४२ दिवसांची सीमा आहे. ब्रिटनमध्ये १९९७-९९ या काळाची चौकशी करताना ती वर्षापर्यंत वाढविली, तेव्हा आत्महत्या हे मातामृत्यूचे प्रमुख कारण असल्याचे उघड झाले.

भारतीय संदर्भात गोव्यातील अभ्यास उल्लेखनीय आहे. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात २७० माता होत्या; त्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी अवसाद आढळला. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गरोदरपणीही मानसिक दृष्ट्या पीडित होत्या. दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे यांचा विकाराशी संबंध दिसून आला. मुलगा झाला की मुलगी, हा प्रश्न एडिंबरोच्या मापिकेत नाही. गोव्यातील मातेला तो विचारल्याविना तिच्या दुःखाचा अर्थ अपुरा राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये असे ठरविले, हे या दिशेने पडलेले एक पाऊल होय.

६

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या विकाराचे निदान औषधाच्या वा यंत्राच्या शोधाने पुढे सरकले नाही. मनोरुग्णालयाच्या दारातून प्रसूतिविभागात, तेथून घरात आणि ओसरीवर, असा निरीक्षक जसजसा स्त्रीच्या जवळ गेला तसतसे ते पुढे सरकले. उलट स्वतंत्र रोग की सामान्य रोग, या वादात वर्गीकरणकार गुंतले तेव्हा ते थांबले. तो वाद आजही मिटलेला नाही. आणि तो मिटेपर्यंत प्रश्न विचारण्याचे थांबावे, असे इतिहास सांगत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली बाळंतीण प्रत्येक काळात होती. तिला कोणी विचारले, एवढाच काय तो कालाकालांतील फरक होय.