जपमाळ : प्रापंचिकांनी जपलेली उपासना

मलकापूरहून बुलढाण्याला यायचे तर राजूरचा घाट चढावा लागतो. या जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाची वाटणीच 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' अशी करतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही कापसाच्या काळ्या जमिनीची आणि लोहमार्गावरची गावे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर आणि त्यापलीकडे लोणार, सिंदखेडराजा. या दोन्ही भागांत कॅथलिक कुटुंबे थोडी आणि तीही विखुरलेली. कोणी शाळेत शिक्षक, कोणी दवाखान्यात परिचारिका, कोणी सरकारी नोकरीतील बदलीमुळे आलेला. चर्च हाकेच्या अंतरावर असण्याचे भाग्य यांतील थोड्यांचेच. रविवारची मिस्सा साधली तर साधली. मग आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांची उपासना कोणती? या प्रश्नाचे उत्तर अशा घरांत बहुधा देवघरातील खिळ्याला किंवा खुंटीला अडकवलेले असते. ते म्हणजे जपमाळ.

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, जपमाळ ही चर्चमध्ये जन्मली आणि तेथून घरात आली. इतिहास पाहिला तर प्रवास जवळजवळ उलट दिशेचा आहे. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हता, ज्यांच्यापाशी धर्मगुरू नव्हते, त्यांनी ही उपासना प्रथम धरून ठेवली. ख्रिस्तसभेने तिला नीटस रूप व मान्यता नंतर दिली. हा क्रम लक्षात घेतला म्हणजे आपल्या घरातील माळेकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

स्तोत्रांच्या जागी मणी

मध्ययुगातील युरोपात मठवासी दिवसरात्रीच्या ठरावीक प्रहरांना स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे लॅटिनमधून म्हणत. मठात शेती करणारे, स्वयंपाक करणारे निरक्षर बंधू आणि मठाबाहेरचा शेतकरी यांना ती भाषाही येत नसे आणि ग्रंथही परवडत नसे. त्यांनी १५० स्तोत्रांच्या बदल्यात १५० वेळा 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना म्हणण्याचा प्रघात पाडला. मोजदाद चुकू नये म्हणून दोरीला गाठी मारल्या किंवा मणी ओवले. पुढे त्याच मण्यांवर 'नमो मरिया' म्हटले जाऊ लागले. गॅब्रिएल दूताचे अभिवादन आणि अलिशिबेचे उद्गार हा त्या प्रार्थनेचा पहिला भाग लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातूनच आलेला आहे.

संत डॉमिनिक यांना मरिया मातेने माळ दिली ही परंपरा आपण बालपणापासून ऐकत आलो. तिचा प्रसार मुख्यतः पंधराव्या शतकातील आलँ दे ला रोश या डॉमिनिकन धर्मगुरूंनी केला. विसाव्या शतकाच्या आरंभी हर्बर्ट थर्स्टन या येशूसंघीय अभ्यासकाने जुनी साधने तपासून दाखवून दिले की, माळ एका दिवसात घडलेली नाही. ट्रियर येथील प्रशियाचे डॉमिनिक या कार्थुसियन मठवाशाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक 'नमो मरिया'ला येशूच्या जीवनातील एकेक प्रसंग जोडला. १४७० च्या सुमारास दुए येथे आलँ यांनी आणि १४७५ साली कोलोन येथे याकोब श्प्रेंगर यांनी माळेचे बंधुसंघ स्थापन केले. या बंधुसंघांत स्त्रिया होत्या, गरीब होते; सभासदत्वाला पैसा लागत नसे. माळेच्या प्रसाराचे खरे रहस्य येथेच आहे. ती कोणाच्याही ऐपतीत बसणारी होती.

'नमो मरिया'चे आजचे पूर्ण रूप १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात निश्चित झाले आणि पोप पाचवे पायस यांनी १७ सप्टेंबर १५६९ रोजीच्या आज्ञापत्राने जपमाळेला अधिकृत आकार दिला. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या समुद्रात झालेल्या लढाईतील विजयाचे श्रेय त्यांनी माळेच्या प्रार्थनेला दिले; त्यातूनच ७ ऑक्टोबरचा सण आला. १७१६ साली तो सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा सण झाला. सणाला युद्धाची पार्श्वभूमी असली, तरी माळ टिकली ती आरमारामुळे नव्हे. ती टिकली चुलीपाशी, शेताच्या बांधावर आणि आजाऱ्याच्या उशाशी.

येथे एक गोष्ट आपल्यासाठी विशेष आहे. वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तो डिसेंबर १५३४ मध्ये. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाज आणि माळेचे निश्चित रूप ही जवळजवळ एकाच पिढीची भावंडे आहेत. माळ आपल्याकडे जुनी होऊन आली नाही. आपल्याबरोबरच ती मोठी झाली.

तेर्स आणि क्रूस

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत आणि मुले, गुलाम व नोकरचाकर यांना गोळा करून प्रार्थना शिकवीत. पुढे दक्षिणेच्या मासेमारी किनाऱ्यावर त्यांनी क्रूसाची खूण, विश्वासांगीकार, 'आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'नमो मरिया' या प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या व गावोगाव लोकांकडून पाठ करवल्या. आपण निघून गेल्यावर लोकांना रोज एकत्र जमवून त्या म्हणवून घेण्याचे काम त्यांनी तेथल्याच प्रापंचिकांवर सोपवले. पुस्तक नाही, धर्मगुरू नाहीत. पण पाठ केलेली प्रार्थना आहे आणि ती म्हणवून घेणारा गावातला माणूस आहे. आपल्या देशातील घरगुती उपासनेचा पाया असा घातला गेला.

गोव्यात संध्याकाळच्या माळेला 'तेर्स' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज असून त्याचा अर्थ 'तिसरा हिस्सा' असा आहे. पूर्ण माळ १५ रहस्यांची. कष्टकरी घराला एका बैठकीत झेपतील ती पाच. म्हणून तिसरा हिस्सा! ज्या शब्दाचा आपण कधी विचारही केला नाही, त्या शब्दात प्रापंचिकांच्या दिनक्रमाशी केलेली तडजोड नोंदलेली आहे. तेर्स संपल्यावर लहानांनी थोरांचा 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, घेण्याची गोमंतकीय घरांतील रीतही याच बैठकीचा भाग झाली. प्रार्थना आणि घरातील नाती एका आसनावर आली.

याच काळात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले; ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. लोकांची श्रद्धा लोकांच्या वाणीतच रुजते हे त्यांनी ओळखले होते. 'ख्रिस्तपुराण' कानांनी ऐकायचे आणि माळ बोटांनी मोजायची. अक्षरओळख नसलेल्या माणसाला ख्रिस्तचरित्राची दारे उघडणारी ही दोन साधने.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती लोकांच्या धर्माचरणास मुभा होती. पण युरोपीय व्रतस्थ संघ निघून गेले, मठ ओस पडले, किल्ल्यातील भव्य मंदिरांवर झाडे उगवली. मागे राहिले ते थोडे एतद्देशीय धर्मगुरू आणि शेतकरी व कोळी समाजातील हजारो प्रापंचिक. वसई किल्ल्यात आज छप्पर नसलेल्या भिंती पाहताना मनात येते : दगडाची मंदिरे पडली, पण त्यांच्याभोवतीच्या वाड्यांतील श्रद्धा पडली नाही. त्या श्रद्धेला आधार होता घरातल्या प्रार्थनेचा आणि वाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या क्रूसाचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्रे व आसपासच्या गावांत ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले आणि लोक त्यांच्याभोवती प्रार्थनेस जमू लागले. मे महिन्यात क्रूसापाशी सामुदायिक माळ म्हणण्याची चाल आजही वसई-मुंबईकडे आहे.

वसईच्याच मातीतले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हुतात्मा झाले. त्यांच्यानंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली. धर्मगुरू नाहीत, मिस्सा नाही, अशा स्थितीत तेथील गुप्त ख्रिस्ती समाज दोनशेहून अधिक वर्षे तग धरून राहिला. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना विचारले ते मरिया मातेच्या मूर्तीविषयी. माळेसाठी त्यांच्यापाशी 'कोन्तात्सु' हा शब्द उरला होता. 'मणी' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचेच ते रूप. गोन्सालोंच्या रक्ताने भिजलेल्या भूमीत धर्मगुरूंवाचून टिकलेली ही श्रद्धा वसईकरांना, आणि बुलढाण्याच्या एकाकी कुटुंबालाही, बरेच काही सांगते.

मास्तरांची माळ

आता पठारावर येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव शतकात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात येशूसंघीयांनी आणि १८९० च्या दशकात मराठवाड्यात घोगरगावच्या परिसरात संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाच्या धर्मगुरूंनी काम सुरू केले. वऱ्हाडचा मुलूख तेव्हा १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात होता. पुढे १९५५ साली अमरावती आणि १९७७ साली औरंगाबाद हे धर्मप्रांत झाले. अंतरे प्रचंड, वाहने म्हणजे घोडा आणि बैलगाडी. एकेका धर्मगुरूंकडे अनेक गावे असत. गावात वर्षभर राहणारा माणूस म्हणजे 'मास्तर'. तोच शाळा चालवी, तोच आजाऱ्यापाशी प्रार्थना म्हणे आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात माळ म्हणवून घेई. या समाजातील बहुसंख्य लोक शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेलेले. ज्यांना मंदिराची पायरी चढू दिली जात नव्हती आणि ग्रंथाला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या हातात प्रथमच प्रार्थनेचे साधन आले. मग ते लाकडी मण्यांचे असो वा दोरीच्या गाठींचे. माळेच्या इतिहासातील हे पान युरोपातील कोणत्याही बंधुसंघापेक्षा कमी तेजस्वी नाही.

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये जे जनसागर लोटतात, त्यांचे मूळ या कंदिलाच्या उजेडात आहे.

लॅटिन गेली, माळही मागे पडली

पोप तेरावे लिओ यांनी १ सप्टेंबर १८८३ च्या विश्वपत्राने ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना केला. तीनच वर्षांनी, १ सप्टेंबर १८८६ रोजी, त्यांनीच भारतातील ख्रिस्तसभेची धर्मप्रांतरचना स्थापन केली. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. म्हणून वेदीवर धर्मगुरू लॅटिन प्रार्थना म्हणत आणि बाकांवर लोक माळ ओढीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मिस्सा मायबोलीत आली. हे मोठेच वरदान होते. लोक आता मिस्सेत खऱ्या अर्थाने सहभागी झाले. परंतु चर्चमध्ये मोकळी झालेली माळ आपल्या मूळ घरी परतायला हवी होती, ती पुष्कळ ठिकाणी परतलीच नाही. तिच्या वेळेवर प्रथम दूरदर्शन बसला आणि आता प्रत्येकाच्या हातातील मोबाइल बसला आहे.

पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली लिहिलेल्या पत्रात स्पष्ट बजावले की, चिंतन नसलेली माळ म्हणजे प्राण नसलेले शरीर होय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १६ ऑक्टोबर २००२ रोजी प्रकाशाची पाच रहस्ये जोडली. येशूचा बाप्तिस्मा, काना येथील लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर आणि पवित्र मिस्साबलीची स्थापना. आनंदाची रहस्ये संपताच आपण एकदम गेथशेमनीत पोहोचत होतो. मधली येशूची सार्वजनिक सेवा राहून जात होती. ती उणीव भरून निघाली.

शेजाऱ्यांचे प्रश्न

बुलढाण्यातील कॅथलिक मुलाला दोन बाजूंनी प्रश्न विचारले जातात. या भागात अलायन्स मिशनचे काम जुने, तेव्हा प्रॉटेस्टंट शेजारी विचारतो, "प्रभूने व्यर्थ बडबड करू नका असे सांगितले असता तेच तेच का म्हणता?" प्रश्न योग्य आहे, आणि पोप सहावे पॉल यांनी दिलेला इशाराच त्याचे उत्तर आहे. ओठ 'नमो मरिया' म्हणत असताना मन ख्रिस्ताच्या जीवनावर नसेल, तर शेजाऱ्याचा आक्षेप खरा ठरतो. असेल, तर ती बडबड नव्हे. अंगाई गाताना आई त्याच ओळी पुन्हा म्हणते, ती बाळाकडे पाहत.

दुसरा शेजारी वारकरी. शेगावहून दरवर्षी आषाढीसाठी पालखी पंढरपूरला पायी जाते. त्याच्या गळ्यात तुळशीमाळ आणि घरी सायंकाळी हरिपाठ. तो आपली माळ पाहून चकित होत नाही. 'जपमाळ' हा शब्द आपण त्याच्याच भाषेतून घेतला आहे. मुसलमान बांधवाच्या हातात तसबीह असते. आपली श्रद्धा वेगळी, आपल्या माळेचा आशय ख्रिस्त हाच. पण संसारी माणसाला रोजच्या रहाटगाडग्यात देवाची आठवण राहावी म्हणून बोटांना काम द्यावे लागते, हे या मातीला नवे नाही. वारकऱ्याच्या घरात हरिपाठ चुकत नाही, हे पाहून मात्र आपण आपल्या खुंटीकडे एकदा पाहावे.

खुंटीवरून हातात

इतिहासातून निघणारा बोध फार मोठा नाही. पाच रहस्यांना वीस मिनिटे पुरतात. ज्या घरी तेवढीही सवड नाही, तेथे जेवणापूर्वी एक रहस्य म्हणावे; पूर्वजांनी १५ ची पाच केली, आपण आरंभाला पाचाचे एक केले तर माता रागावणार नाही. प्रत्येक रहस्य घरातील वेगळ्या माणसाने सांगावे, लहानग्यानेही. रहस्याआधी शुभवर्तमानातील दोन ओळी वाचाव्यात. ज्याची परीक्षा आहे, ज्याचे पीक गेले, जो दूर नोकरीला आहे, त्याचे नाव घ्यावे.

दुएच्या निरक्षर स्त्रिया, किनाऱ्यावरचे कोळी, उराकामीचे शेतकरी, कंदील धरून उभे असलेले मास्तर, यांपैकी कोणीही धर्मगुरू नव्हते. माळ त्यांनी आपल्यापर्यंत पोहोचवली. घाटावरच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत आज संध्याकाळी आईबाप आणि दोन मुले चटईवर बसली, तर ती एकटी नसतील.