कैफियतीची कुळकथा

‘पैसे घेतलेच नाहीत’ आणि ‘घेतले होते, पण फेडले’ ही दोन उत्तरे पारावर बोलताना सारखीच वाटतात. दोन्हींचा अर्थ एवढाच, की मी देणे लागत नाही. कोर्टात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिले उत्तर दिले की पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार वादीवर राहतो. दुसरे दिले की तो प्रतिवादीच्या अंगावर येतो. मग पावती त्याने आणायची, साक्षीदार त्याने उभे करायचे. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात, कळंब, भूम, परंडा किंवा उमरग्याच्या तालुका कोर्टात प्रतिवादी जी कैफियत दाखल करतो, तिच्यातल्या चार-दोन वाक्यांवर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. वकील तिला ‘डब्ल्यूएस’ म्हणतात. निजामाच्या काळातल्या उर्दू मिसलींत तिचे नाव जवाबदावा.

कायद्याच्या पुस्तकांत या कैफियतीचा इतिहास बहुधा इंग्लंडपासून सुरू होतो. धाराशिवच्या माणसाने तो उमरग्याच्या पूर्वेपासून सुरू करावा. सोलापूर–हैदराबाद रस्त्याने महाराष्ट्राची हद्द ओलांडली की जवळच बसवकल्याण आहे. आज ते कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात मोडते. १९५६ पर्यंत ते आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, एकाच हैदराबाद राज्यात होते. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. सहावा विक्रमादित्य इथे राज्य करत असताना, अकराव्या शतकाच्या शेवटी आणि बाराव्याच्या सुरुवातीच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कल्याणीसारखे नगर नाही, विक्रमासारखा राजा नाही आणि विज्ञानेश्वरासारखा पंडित नाही, असे त्यात शेवटी म्हटले आहे. नम्रपणाचा दोष त्याला कोणी देणार नाही, पण नगराबद्दलचा त्याचा अभिमान आपल्याला जवळचा वाटावा असाच आहे.

मिताक्षरा म्हटले की आपल्याला वडिलोपार्जित जमिनीचे वाटप आठवते. त्याला कारण कोलब्रुक. त्याने १८१० मध्ये या ग्रंथाचे वारसाहक्काचे प्रकरण इंग्रजीत आणले, इंग्रजी न्यायाधीश तेवढेच वाचत राहिले आणि मिताक्षरा म्हणजे वाटणी हे समीकरण पक्के झाले. वास्तविक याच ग्रंथाच्या व्यवहाराध्यायात दिवाणी दावा कसा चालवावा याची तपशीलवार मांडणी आहे. दाव्याचे चार पाय: भाषा म्हणजे वादीची मागणी, उत्तर म्हणजे प्रतिवादीचे म्हणणे, क्रिया म्हणजे पुरावा आणि साध्यसिद्धी म्हणजे निकाल. वादीची मागणी प्रतिवादीच्या समोर लिहून घ्यायची. तीत वर्ष, महिना, पक्ष, दिवस, नाव हे सगळे हवे. प्रतिवादीने ती ऐकल्यावर वादीच्या समोर आपले उत्तर लिहून द्यायचे.

उत्तराचे प्रकारही चार. शंभर नाण्यांच्या कर्जाचा दावा आहे असे धरू. ‘होय, देणे आहे’ हे सत्योत्तर. इथे पुराव्याची गरजच उरत नाही आणि खटला दोन पायांवर संपतो. ‘घेतलेच नाहीत’ हे मिथ्योत्तर. ‘घेतले, पण परत केले’ किंवा ‘ती देणगी होती’ हे कारणोत्तर. आणि ‘याच पैशांसाठी तू आधी माझ्यावर दावा केला होतास आणि हरला होतास’ हा प्राङ्न्याय. मिथ्योत्तरात सिद्ध करण्याचा भार वादीवर, शेवटच्या दोन्हींत प्रतिवादीवर. म्हणूनच एकाच मागणीला एकाच वेळी ‘घेतले नाहीत’ आणि ‘फेडले’ अशी दोन उत्तरे देऊ नयेत, असा विज्ञानेश्वराचा आग्रह. दोन्ही मानली तर पुरावा आधी कोणी द्यायचा?

वाईट उत्तरांचीही त्याने यादी दिली आहे. संदिग्ध, विषय सोडून दिलेले, फार त्रोटक, फार पाल्हाळिक, मागणीच्या एकाच भागाला उत्तर देणारे, अशी सगळी उत्तरे म्हणजे उत्तराचा नुसता आभास. आजच्या तालुका कोर्टातल्या कैफियतींचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला असता तर यातला एकही वर्ग रिकामा राहिला नसता.

मुदतीबद्दल तो आजच्या मानाने बराच सैल आहे. मारहाण, चोरी, शिवीगाळ अशा प्रकरणांत उत्तर ताबडतोब हवे. पैशाच्या आणि तशा इतर वादांत वेळ देता येतो. उलट एका बाबतीत तो आजच्यापेक्षा कडक आहे. आपल्यावरचा आरोप निस्तरल्याशिवाय प्रतिवादीने वादीवर उलट दावा लावायचा नाही. भांडण-मारामारीच्या प्रकरणांचा तेवढा अपवाद. प्रतिदाव्याला आज दिवाणी प्रक्रिया संहितेत स्पष्ट जागा आहे, पण ती १९७६ च्या दुरुस्तीने झाली.

यानंतरच्या काही शतकांत ही पोथी शास्त्र्यांकडे राहिली आणि गावचा न्याय वेगळ्या वाटेने गेला. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मग मोगल आणि मराठे, अशा सगळ्या अमलांत दख्खनमध्ये वतनाचे, हद्दीचे, देण्याघेण्याचे तंटे गोतसभेत किंवा मजलशीत बसत. काझी, हवालदार, देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशी मंडळी जमत. उत्तराआधी एक पायरी असे: दोन्ही पक्षांकडून निकाल मान्य करू असा राजीनामा आणि त्याला जामीन घेतला जाई. मग दोघे आपापली तक्रीर देत, म्हणजे घराण्याची हकिगत सांगून आपला हक्क कुठून आला ते मांडत. निवाडा महजरात लिहिला जाई आणि खाली पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी उमटे. जिंकणाऱ्याने सरकारला हरकी द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. शिवाय हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला येजितखत लिहून द्यायचे, की माझा दावा खोटा होता, पुन्हा या वाटेला जाणार नाही. प्राङ्न्यायाची इतकी सोपी सोय नंतरच्या कोणत्याही संहितेला जमलेली नाही. वादीने पुन्हा दावा आणला तर प्रतिवादीने त्याच्याच हातचा कागद पुढे करायचा.

ही पद्धत सुंदर होती असे म्हणण्याचा मोह टाळायला हवा. पुरावा अपुरा पडला की तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्य करावे लागे, आणि गोतात ज्याचे वजन कमी त्याची तक्रीर हलकी पडे.

धाराशिवपुरती ही कथा १८५३ मध्ये एक विचित्र वळण घेते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे ईस्ट इंडिया कंपनीची मोठी थकबाकी साचली होती. ती भागवण्यासाठी वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही कंपनीच्या कारभारात गेला. आज कर्जाच्या दाव्यांत जमिनींवर जप्ती येते; तेव्हा कर्जापायी अख्खा जिल्हाच धनकोच्या ताब्यात गेला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक फिलिप मेडोज टेलर १८५३ पासून १८५७ पर्यंत नळदुर्गहून हा मुलूख सांभाळत होता. ब्रिटिश हिंदुस्थानची पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता १८५९ ची. ती या जिल्ह्यात रुजण्याचा प्रश्नच आला नाही, कारण १८६० च्या तहात पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि जिल्हा निजामाला परत मिळाला. शेजारच्या बार्शीत एक कायदा आणि परंड्यात दुसरा, ही स्थिती पुढची नव्वद वर्षे राहिली.

निजामी राज्यात १८८४ मध्ये फारसी जाऊन उर्दू आली. वादी मुद्दई झाला, प्रतिवादी मुद्दाअलेह, आणि मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपले उत्तर लिहून घ्यायला उर्दू जाणणारा गाठावा लागे. मात्र मराठवाड्यातला निजामी न्याय म्हणजे नुसता अंधार होता असे समजणेही चूक. १३२३ फसलीत हैदराबादने स्वतःची दिवाणी संहिता केली. फसलीत ५९० मिळवले की सन येतो, म्हणजे हे १९१३-१४ झाले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९०८ च्या संहितेशी तिचा चेहरा बराच जुळतो. शिवाय १९२१ मध्ये हैदराबादने न्यायखाते महसूल-पोलिसांपासून वेगळे केले. ब्रिटिश प्रांतांत तहसीलदाराच्या हातात दोन्ही काठ्या असण्याचा प्रकार त्यानंतरही चालूच होता. भाषेचा जाच खरा, यंत्रणा मात्र मागास नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १ एप्रिल १९५१ रोजी दोन गोष्टी एकाच दिवशी इथे लागू झाल्या: १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा भारतीय करार कायदा. उत्तर कसे द्यायचे ते पहिलीने ठरवले, कोणते उत्तर टिकेल ते दुसऱ्याने.

त्याच सुमारास हैदराबाद हायकोर्टातून दिल्लीला गेलेला एक दावा प्राङ्न्यायाच्या प्रकरणात अजूनही उद्धृत होतो. नरहरी विरुद्ध शंकर, १९५० चा. खालच्या कोर्टात वादी जिंकले, प्रतिवादींच्या दोन गटांनी दोन वेगळी अपिले केली, अपील कोर्टाने एकाच निकालपत्राने दोन्ही मंजूर केली पण हुकूमनामे दोन काढले. वादी पुढे गेले तेव्हा हायकोर्ट म्हणाले, दुसऱ्या हुकूमनाम्याविरुद्धचे अपील वेळेत नाही, म्हणून तो अंतिम झाला आणि तुमची वाट अडली. सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही: दावा एक, निकाल एक, तर प्राङ्न्याय कशाचा? विज्ञानेश्वराचे चौथे उत्तर किती जपून वापरायचे, त्याचा हा नमुना आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संहितेचा आठवा आदेश, ज्याच्याखाली कैफियत द्यायची, तो मिताक्षरेतून आलेला नाही. तो इंग्लंडातल्या कोर्टांच्या वहिवाटीतून आला. त्यामुळे ही वंशावळ सरळ बापाकडून मुलाकडे जाणारी नाही. तरी साम्य थक्क करणारे आहे. नकार मोघम नको, मुद्द्यागणिक हवा. नाकारले नाही ते कबूल धरले जाईल. संहिता उदाहरणही पैशाचेच देते: अमुक रक्कम घेतल्याचा आरोप असेल तर ‘तेवढी रक्कम घेतली नाही’ म्हणून भागत नाही, ती किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असे म्हणावे लागते, नाहीतर किती घेतली ते सांगावे लागते. माझ्या मते याचे कारण साधे आहे. देण्याघेण्याच्या भांडणात माणूस मुळात चारच गोष्टी म्हणू शकतो आणि कोणत्याही न्यायाधीशाला त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बदलले ते घड्याळ. १९०८ च्या मूळ नियमात कैफियत पहिल्या सुनावणीपर्यंत देता येई, कोर्टाने मागितली तरच ती सक्तीची. १९७६ च्या दुरुस्तीने ती सक्तीची झाली. १ जुलै २००२ पासून मुदत आली: समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कारण पटले तर ९० पर्यंत. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कैलाश विरुद्ध नन्हकू आणि सेलम बार असोसिएशन या प्रकरणांत सांगितले की ९० दिवस ही लक्ष्मणरेषा नाही, पण ती अपवादानेच ओलांडू द्यावी. व्यापारी दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर दार बंद. कोर्टे आणि त्यांची भाषाही बदलली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि मुंबई हायकोर्टाखाली गेला. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले. १९९८ च्या अधिसूचनेने खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली. कैफियत आता आपल्याला समजेल अशा भाषेत देता येते, हे तसे कालपरवाचेच.

आज या जिल्ह्यात कारणोत्तराला सगळ्यात जास्त वाव आहे, आणि तेच सगळ्यात कमी वापरले जाते. सावकारीचा धंदा करणाऱ्याकडे कर्ज देताना परवाना नसेल, तर २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याखाली त्याला हुकूमनामा मिळत नाही. कळंब, वाशी, भूम भागातून टोळ्या ऊसतोडीला जातात. उचलीच्या करारनाम्यात दंडाची मोठी रक्कम लिहिलेली असली तरी करार कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली वाजवी भरपाईच मिळते, आणि तीही त्या रकमेच्या आत. सही करणारा अज्ञान असेल तर १९०३ च्या मोहोरी बीबी प्रकरणापासून तो करारच शून्य आहे. सही दबावाने किंवा फसवून घेतली असेल तर करार रद्द करून मागता येतो. साध्या उसन्या पैशांना तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती संपली असेल तर प्रतिवादी गप्प बसला तरी कोर्टाने स्वतः ते पाहायचे असते. बाकीची उत्तरे कोर्ट स्वतःहून शोधत नाही. ती कैफियतीत लिहावी लागतात.

आणि लिहिली जात नाहीत. समन्स आले की काही जण बेलीफला टाळतात, काही घेण्यास नकार देतात. नकार दिला तरी बजावणी झाली असे धरता येते, दारावर चिकटवूनही होते. मग ‘नो डब्ल्यूएस’ असा आदेश होतो. तो उठवायला अर्ज, कॉस्ट आणि न्यायाधीशांची मर्जी लागते. ज्याच्याकडे पक्की पावती होती, तोही अशा वेळी हरतो.

म्हणून समन्स नाकारू नका. हाती आल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा आणि तिथून ३० दिवस मोजा. पावत्या, बँकेचे पासबुक, आधीच्या दाव्याचा निकाल असे जे असेल ते वकिलाकडे घेऊन जा आणि चारांपैकी आपले उत्तर कोणते ते त्याला स्पष्ट विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.