शेण आणि शेणखत : फरक ओळखा, मगच वाफे भरा

मे महिना सरत आला की बंगल्याभोवतीच्या आणि गच्चीवरच्या बागांतून वाफे भरण्याची लगबग सुरू होते. जवळच्या गोठ्यातून शेणाची एखादी गोणी आणून ती थेट मातीत मिसळणे हा अनेकांना सोपा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात शेण आणि शेणखत या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास रोपे तर जातातच, प्रसंगी घरातील माणसांच्या आरोग्यालाही धोका पोहोचतो.

ताज्या शेणाचे तोटे

ताजे शेण मातीत कुजू लागले की उष्णता आणि अमोनिया वायू निर्माण होतो. त्यामुळे कोवळी मुळे करपतात. शेणात गवत, पेंढा अधिक असल्यास तो कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. जनावराच्या पोटातून न पचता आलेले तणांचे बीही वाफ्यात उगवते. सर्वांत मोठे संकट हुमणीचे. वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर बाहेर पडणारे भुंगेरे अंडी घालण्यासाठी न कुजलेल्या शेणाकडे आकर्षित होतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या मुळे कुरतडतात आणि हिरवेगार रोप अचानक माना टाकते.

ताज्या शेणात ई-कोलाय, साल्मोनेला यांसारखे जिवाणू असू शकतात. कोथिंबीर, मुळा, गाजर आपण कच्चे खातो, म्हणून येथे विशेष दक्षता हवी. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चे शेण आणि काढणी यांत किमान १२० दिवसांचे, अन्यथा ९० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. कुत्र्या-मांजरांची विष्ठा मात्र भाजीच्या वाफ्यासाठी कधीही वापरू नये. तिच्यातून जंतांचा व अन्य परजीवींचा प्रादुर्भाव होतो.

कुजवावे कसे?

शेण आणि पालापाचोळा यांचे आलटून पालटून थर द्यावेत. ढीग ओलसर ठेवावा, महिन्याकाठी खालीवर करावा आणि पावसात झाकावा. अन्यथा अन्नद्रव्ये वाहून जातात. ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकल्यास रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी नष्ट होते. साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ते काळपट तपकिरी, भुसभुशीत असते, हाताला गरम लागत नाही आणि त्याला शेणाऐवजी ओल्या मातीचा वास येतो.

या शास्त्राला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे पद्धतशीर कंपोस्ट तयार करण्याचे प्रयोग केले आणि १९३१ मध्ये यशवंत वाड यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. ती पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर परिचित झाली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखली जाणारी 'नाडेप' पद्धतही अशीच. भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेल्या विटांच्या टाक्यात, थोड्या शेणात पुष्कळ खत मिळते.

किती घालावे?

शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्काच असते. तथापि ते मातीचा पोत आणि पाणी धरून ठेवण्याची क्षमता सुधारते. भाजीपाल्यासाठी हेक्टरी २० ते २५ टन शेणखत घालण्याची शिफारस असते. चौरस मीटरला हे प्रमाण दोन ते अडीच किलो पडते, म्हणजे एक मीटर रुंद व दोन मीटर लांब वाफ्यास पाच किलोपर्यंत खत पुरे. शेळ्या-मेंढ्यांचे लेंडीखत याहून जोरकस. कोंबडखतात नत्र शेणखताच्या कित्येक पट असल्याने ते पूर्ण कुजवूनच आणि फार तर चौथ्या हिश्शाने वापरावे.

खत विकत घेताना गोणीत हात घालून पाहावा. ते गरम लागले वा त्याला उग्र दर्प आला, तर ती गोणी घरी आणून आणखी दोन-तीन महिने झाकून ठेवावी. वाफा एवढी प्रतीक्षा करू शकतो. करपलेले रोप मात्र पुन्हा उभे राहत नाही.