पेटे की पेठ?

एका इंग्रजी कादंबरीच्या पहिल्याच पानावर मी अडले होते. नायिकेचं गाव ‘मार्केट टाउन’. म्हणजे बाजार भरवण्याची सनद राजाकडून मिळालेलं, आठवड्याच्या ठरल्या वारी गजबजणारं गाव. ‘बाजाराचं गाव’ लिहिलं, खोडलं. मग उठून मेट्रोनं चिकपेटला गेले.

केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेलं बेंगळुरू म्हणजे मुळात ही पेटे. आजचा अव्हेन्यू रोड ही जुनी दोड्डपेटे. पुण्यात बऱ्याच पेठांना वारांची नावं. इथं मालाची नि कारागिरांची. अक्कीपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या, कुंभारपेटेत कुंभार. नावं राहिली, माल पुष्कळदा बदलला.

1638 मध्ये विजापूरकरांनी हे ठाणं घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी संपादून छापला. ग्रंथ संस्कृत, पण शेवटाकडे कितीतरी देशी भाषांतली कवनं येतात. अनुवादकाला हेवा वाटावा असा दरबार! शहाजीराजे चिकपेटेत राहत असं सांगतात. वाड्याचा मागमूस नाही.

आपण मराठी माणसं बहुधा इथंच थांबतो. पुढचं अवघड जातं. शहाजीपुत्र एकोजी तंजावरला गेले, इतक्या लांबून बेंगळुरू सांभाळणं परवडेना, म्हणून त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं. सौदा पुरा होण्याआधीच, 1687 मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान आत शिरला. वडेयरांना गाव मिळालं, पण मोगलांच्या हातून. रक्कमही मोगलांनाच गेली म्हणतात. विकणाऱ्यांच्या गावाचीच विक्री, तीही आपल्याकडून. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

नगरथपेटेत एका दुकानात अस्तराचं कापड मागितलं, मोडक्या कन्नडमध्ये. म्हाताऱ्या मालकांनी एकदा पाहिलं.

“बसा ताई. किती पायजे?”

त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. माझ्या कानाला ती जुनी लागली, मधूनच कन्नड हेल घेणारी. “पुण्याकडल्या का तुम्ही? भरभर बोलता.” कापड मोजताना मात्र ते पुटपुटत होते, “ओंदु, एरडु, मूरु.”

घरी येऊन पहिल्या पानावर ‘पेठ’ लिहिलं. संपादकांचा निरोप आला: शब्द छान आहे, पण वाचकाला पुणं वाटेल.

अजून उत्तर दिलेलं नाही.