कबुलीचे धैर्य

श्रद्धा मनात जपणे सोपे, ती चारचौघांत बोलून दाखवणे कठीण. बिदर-कलबुर्गीच्या आम्हां मराठी घरांना याची थोडीबहुत जाणीव आहे; उंबऱ्याबाहेर कन्नड वा दखनी बोलताना आपली भाषाही कितीदा ओठांआड राहते. म्हणूनच १९५६ पासून आपल्याच राज्यात असलेल्या बेळगावच्या बाबा पदमनजींचे चरित्र आम्हांस जवळचे वाटते.

पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावी झाला. मिशनच्या शाळांत शिकताना ख्रिस्ती मत त्यांना पटले, परंतु ते उघड करण्यास धीर होईना. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे जात, पंगत आणि बहुधा घरही सुटणे. हे भय वादात हरण्याचे नव्हते, आप्तांना दुखावण्याचे होते. अखेर १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही परमुलखात नव्हे, बेळगावातच, ओळखीच्या माणसांत.

पुढे लेखणी हीच त्यांची वाणी झाली. १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीची नायिका मनाने ख्रिस्ती, पण प्रारंभी ते उघड न करणारी आहे. तिच्या तोंडून त्यांनी विधवांचे दुःख मांडले. १८८८ च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात तर त्यांनी स्वतःची चलबिचलही झाकली नाही.

आमच्या मते त्यांचे खरे धैर्य येथेच आहे. भय नव्हतेच, असा आव त्यांनी आणला नाही. आपली गोष्ट भयासकट सांगणारा माणूस ऐकणाऱ्यावर दडपण आणत नाही. स्वीकारावे की नाकारावे, हे तो त्याच्यावर सोपवतो. श्रद्धा कोणतीही असो, ती सांगण्याची रीत हीच.