गुरुत्वीय लहरी, बुद्धविचार आणि बैल: विज्ञान करुणा सिद्ध करतं का?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा संशोधनाचा दाखला देत सोशल मीडियावर एक दावा केला जातो: ‘सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे हे बुद्धांनी सांगितलं, विज्ञानाने सिद्ध केलं. म्हणून प्राण्यांना त्रास देऊ नका.’ सल्ला चांगला आहे, पण त्याला दिलेलं कारण टिकतं का?

भौतिकशास्त्र काय सांगतं?
१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेली लहर प्रथमच टिपली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूरवरून आली होती. दूरची घटना इथे परिणाम करते, हे त्यातून दिसलं. पण अंतर मोजणाऱ्या यंत्राला वेदना मोजता येत नाही.

प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय?
कारण असेल तर परिणाम होतो, कारण थांबलं की परिणामही थांबतो. बुद्धांनी हा विचार मुख्यतः दुःख कसं निर्माण होतं आणि कसं थांबतं, हे सांगण्यासाठी मांडला. तो अवकाशाचा सिद्धांत नाही.

मग प्राण्यांचं काय?
पंचशीलातलं पहिलं शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ते गरजेपोटी मारणं आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. म्हणजे इथे हेतू महत्त्वाचा ठरतो.

बैलाचं उदाहरण
पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत बैलाचे खांदे हळद-तूप लावून चोळतात, कारण जू तिथेच घासतं. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार, ३७ अंशांपेक्षा जास्त तापमान असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ दरम्यान त्यांना गाडी ओढायला किंवा ओझं वाहायला लावता येत नाही. दिवसाला एकूण नऊ तासांची मर्यादाही आहे.

तापमान थर्मामीटर सांगतो. त्या तापमानात बैलाला सावलीत बांधायचं, हे माणूस ठरवतो.

थोडक्यात
विज्ञान परिणाम दाखवतं, धम्म त्या परिणामाची जबाबदारी घ्यायला सांगतो. करुणेला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही.