धुराचे साणे आणि संगणकाचा पंखा

बीड जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात, स्वयंपाकाच्या खणात, छताला एक भोक ठेवलेले असे. त्याला साणे म्हणत. लाकडी तुळया, त्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशा छताला भोक ठेवणे म्हणजे दर पावसाळ्याला काळजी ओढवून घेणे होते. त्यावर झाकण लागे, कडेची माती सांभाळावी लागे. तरीही साणे ठेवले जाई, कारण त्याखेरीज चुलीचा धूर घराबाहेर पडत नसे. दारातून गार हवा खालून येई, चुलीपाशी तापे आणि धुरासकट वर निघून जाई. दार घट्ट लावले की साणे असूनही धूर कोंडे. साणे झाकले की दार उघडे असूनही डोळे चुरचुरत. हवेला यायची वाट आणि जायची वाट, दोन्ही लागतात, हे त्या घरात कुणाला शिकवावे लागत नव्हते, कारण धूर ते डोळ्यांसमोर दाखवत होता. डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्येही चुलीसारखीच आत पेटलेली उष्णता असते, पण धूर नसतो. म्हणून तिथे हा धडा नव्याने शिकावा लागला. संगणक गार ठेवण्याचा प्रश्न मुळात पंख्यांच्या संख्येचा नाही, हवेच्या वाटेचा आहे, हे त्या यंत्राच्या इतिहासावरून आणि बीडसारख्या तापणाऱ्या मुलखात ते कसे नांदले यावरून दाखवता येते.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. 1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याचा वीजपुरवठा 63.5 वॅटचा होता आणि अख्ख्या यंत्रात एकच पंखा होता, तोही त्या वीजपुरवठ्याच्या डब्यात. आतली हवा ओढून मागून बाहेर टाकायची, एवढेच त्याचे काम. त्याच्या एक वर्ष आधी ॲपलने आपला तिसरा संगणक पंख्याशिवाय काढला होता. यंत्राने आवाज करू नये हा आग्रह होता, पण बंद डब्यात उष्णता साठत गेली आणि ते यंत्र तापण्याच्या तक्रारींसाठीच लक्षात राहिले. 1984 च्या मॅकिंटॉशलाही पंखा नव्हता. मात्र त्याच्या कवचाला खाली आणि वर फटी ठेवल्या होत्या, म्हणजे दार आणि साणे दोन्ही होते. पुढे प्रोसेसर तापू लागले. 1993 च्या पेंटियमची उष्णता पंधरा वॅटच्या आसपास होती. 2004 मधल्या पेंटियम 4 च्या काही नमुन्यांनी शंभर वॅट ओलांडले. दहा-अकरा वर्षांत चूल सहा-सातपट पेटली आणि डब्याचा आकार जवळजवळ तोच राहिला.

या काळात यंत्र बनवणारेही वाटेबद्दल चाचपडत होते. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स रचना आणली, तेव्हा वीजपुरवठ्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी मूळ कल्पना होती. पण ती हवा वीजपुरवठ्यातून तापूनच आत येई. पुढे पंख्याची दिशा फिरली आणि तो पुन्हा हवा बाहेर टाकू लागला. मग समोरून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर, अशी सरळ वाट हळूहळू रूढ झाली. 2003 च्या सुमारास इंटेलने बीटीएक्स ही नवी रचना मांडली. तिच्यात प्रोसेसर थेट समोरच्या झोतात बसवला होता आणि त्याची हवा पुढे इतर भागांवरून जात होती. वाटेचा विचार म्हणून ती रचना चांगली होती. पण कमी उष्णतेचे प्रोसेसर आले आणि 2006 मध्ये इंटेलने तिच्यावरचा भर सोडला. म्हणजे चूलच मंदावली, तेव्हा घराची रचना बदलण्याची निकड संपली. हा सगळा इतिहास पंखे वाढवण्याचा म्हणून सांगितला जातो. बारकाईने पाहिले तर दर टप्प्यावर खरा फरक पडला तो हवा कुठून घ्यायची आणि कुठे सोडायची या निर्णयाने.

नेमक्या याच काळात डेस्कटॉप बीडच्या गल्लीबोळात पोचला. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम राज्यभर पसरला. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागू लागले, तसे अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, केज अशा गावांत शटरच्या गाळ्यांतून संगणकाचे वर्ग सुरू झाले. यंत्रे बहुधा सुटे भाग आणून जोडलेली असत. स्वस्त पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, आणि प्रोसेसरचा असे दोनच पंखे, मागची पंख्याची जागा रिकामी. ते कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला लावून ठेवले जाई. त्या वेळच्या इंटेलच्या मार्गदर्शक सूचनांत खोलीचे तापमान 35 अंश धरून प्रोसेसरपाशी पोचणारी हवा 38 अंशांच्या आत ठेवावी असे गणित होते. बीडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी तापलेल्या स्लॅबखालच्या गाळ्यात त्याहून फारसे बरे नसते. यंत्र ज्या खोलीसाठी आखले होते, ती खोली इथे उन्हाळ्यात नव्हतीच.

यावर सहज सुचणारे उत्तर म्हणजे आणखी पंखे. ते कितपत टिकते हे साध्या हिशेबाने पाहता येते. 100 वॅट उष्णता बाहेर नेताना हवा 10 अंशांनी तापू द्यायची असेल, तर बीडच्या उन्हाळी हवेत सेकंदाला सुमारे 9 लिटर हवा लागते. 12 सेंटिमीटरचा साधा पंखा मोकळ्या जागेत याच्या दुपटीहून अधिक हवा ढकलतो. खोली 42 अंशांवर असेल तर 9 लिटर हवेने बाहेर पडणारी हवा 52 अंश होईल. हवा दुप्पट केली तर 47, चौपट केली तर साडेचव्वेचाळीस. पहिल्या पंख्याचा लाभ मोठा, दुसऱ्याचा कमी, चौथ्याचा नगण्य. आणि कितीही पंखे लावले तरी 42 च्या खाली जाता येत नाही. उलट कॅबिनेटची पाठ भिंतीला टेकलेली असेल, तर बाहेर टाकलेली गरम हवा कप्प्यातून फिरून समोरच्या जाळीतून पुन्हा आत येते. मग खोली 42 अंशांची असली तरी यंत्र पन्नास अंशांची हवा घेत राहते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून पाठीमागे वीतभर जागा सोडली, तर ही फेरी मोडते. त्याला पैसा लागत नाही, आणि त्याचा फायदा नव्या पंख्यांहून मोठा असतो.

यावर अनुभवातून आलेला एक आक्षेप आहे. बाजूचे पॅनेल काढून समोर टेबल फॅन लावला की यंत्र खरोखर गार होते, मग वाटेची चर्चा कशाला? गार होते हे खरे आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की बंद कॅबिनेटमध्ये वाट नव्हती. वाट नीट असेल तर पॅनेल काढल्याने फारसा लाभ होत नाही. समोरून येणारी हवा हार्ड डिस्कवरून जाण्याऐवजी बाजूने निसटते, त्यामुळे काही भाग उलट जास्त तापू शकतात. शिवाय उघड्या यंत्रात धूळ थेट बसते. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीट सिंकच्या पात्यांमध्ये ती नमद्यासारखी साचली की पंखा पूर्ण वेगाने फिरूनही हवा पोचत नाही, यंत्र मंदावते किंवा आपोआप बंद पडते. म्हणूनच आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवावी आणि येण्याच्या तोंडाला धुता येणारी जाळी लावावी. तसे केले तर फटींतून हवा बाहेर पडते आणि धुळीला जाळीखेरीज दुसरे दार उरत नाही. बाहेर ओढणारे पंखेच जास्त लावले तर प्रत्येक फट धूळ आत खेचते.

दुसरा आक्षेप साण्यावरच घेता येतो. गरम हवा आपसूक वर जाते हे घराला लागू आहे, कारण तिथे चुलीपासून छतापर्यंत पुरुषभर उंची असते. हातभर उंचीच्या कॅबिनेटमध्ये तो जोर पंख्यापुढे अगदी क्षीण असतो. हे मान्य केले पाहिजे. छताकडून हवा काढलीच पाहिजे असे नाही. समोरून मागे ही आडवी वाटही तितकीच चांगली. घराकडून घ्यायचे ते वाटेचे तत्त्व, दिशेची नक्कल नव्हे. माळवदाचे सरसकट गुणगानही करता येणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे दगावली, त्यात दगड-मातीच्या भिंती आणि जड छतांचा वाटा मोठा होता. त्यानंतर मराठवाड्यात माळवद मागे पडून पत्रा आणि स्लॅब पुढे आले, ते योग्यच होते. पण जड मातीबरोबर छतातले भोकही गेले, आणि ते जायची गरज नव्हती. स्लॅबच्या खोलीला वरचा झरोका देता येतो.

मराठवाड्याने हे ज्ञान पूर्ण गमावलेले नाही, याचा पुरावा कूलर देतो. खिडकीत कूलर लावला की समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवायचे, नाहीतर खोली दमट होऊन गारवा जातो, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. कोरड्या मे महिन्यात असा कूलर खोलीचे तापमान कित्येक अंशांनी उतरवतो, आणि वर पाहिलेल्या हिशेबाप्रमाणे संगणकासाठी खोली उतरणे हाच सर्वांत मोठा लाभ आहे. दमट हवेने यंत्र बिघडेल अशी भीती घातली जाते. पण यंत्राचे भाग खोलीपेक्षा गरम असल्याने त्यांवर पाणी धरत नाही. टाळायचा तो कूलरचा थेट झोत, कारण त्यातले जड पाण्याचे थेंब क्षार मागे ठेवतात. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढ असलेल्या या जिल्ह्यात कूलर सर्वांना परवडणारा नाही, हेही खरेच. म्हणून तर ज्याला पाणी, वीज आणि पैसा काहीच लागत नाही, ती वाट आधी मोकळी करायला हवी. संगणकाच्या वर्गात पहिल्या दिवशी यंत्र सुरू आणि बंद करायला शिकवतात. त्याच दिवशी त्याची हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते, हे विद्यार्थ्याला हात लावून दाखवावे. ज्या मुलखातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या दार आणि साणे यांचा मेळ घालून चूल पेटती ठेवली, तिथे हा धडा अवघड जाण्याचे कारण नाही.